अंडं कडक होईपर्यंत

कफ्र अस्-साकिया
सोमवार, ३ ऑक्टोबर २०२२

इनास, माझ्या डोळ्यांच्या उजेडा, तुला उदंड आयुष्य.

आधी ओळख करून देते, म्हणजे पुढे गोंधळ नको. मी तुझी तेता. तुझ्या बापाची आई. तीच, जिच्या घरून तू ईदला तुपाची बरणी वर फडकं बांधून मन्सूराला नेलीस आणि परत पाठवायची विसरलीस. झाकण इथे, बरणी तिथे. दोघांची ताटातूट करून तू खुशाल आहेस. रक्ताच्या एका थेंबात कुठलं प्रथिन किती, हे तुला तोंडपाठ, आणि आजीची बरणी आठवत नाही. मोठी झालीस हो.

आम्ही सगळे ठीक. कबुतरांनी पिल्लं काढली, त्यातली सहा मांजराने नेली, उरलेली मी तुझ्यासाठी ठेवली आहेत. भात कापून झाला. कालव्याचं पाणी उतरलंय आणि वास चढलाय. माझे गुडघे तसेच आहेत, मी कुरकुरते त्याआधी ते कुरकुरतात.

हे पत्र फायझाबाई लिहितायत. तुला आठवत असतील, शाळेतल्या, आता निवृत्त होऊन आमच्या शेजारी सगळ्यांच्या चुका काढत बसतात. मी एक बोलते आणि त्या व्याकरण घालून दुसरंच लिहितात, असा मला संशय आहे. पण मला वाचता येत नाही, तेव्हा संशयावरच भागवते. तू म्हणशील, आजी, फोन का केला नाहीस? फोनवर तू प्रश्न विचारतेस. कागद विचारत नाही.

आता तुझ्या काकाचं. अवद गुरुवारी मन्सूराहून परत आला तो काळजातल्या गाठीचा (तुम्ही यकृत म्हणता) तुकडा तपासायला न देताच. मी ओसरीवर भाजी निवडत होते.

"झालं का रे?"

"नाही."

"का?"

"भात झोडायचाय."

"भाताला तुझे दोन जावई आहेत की."

"ते झोडत नाहीत, आई. ते भाताला कुरवाळतात."

मी हसले. तोही हसला. मग बरगडीखाली हात दाबून बराच वेळ बसून राहिला आणि आम्ही दोघं मुळ्याच्या पानांकडे बघत राहिलो.

तू ईदला मला समजावत होतीस तेव्हा मी झोपले नव्हते, डोळे मिटून ऐकत होते. शरीरात गावच्या राखणदारासारखे पहारेकरी फिरतात. काळजातली गाठ लबाड. ती दारावर एका प्रथिनाची पाटी टांगते, आम्ही घरचेच, पुढे चला. पहारेकरी सलाम ठोकून पुढे जातो. तुमचं नवं औषध ती पाटी झाकून टाकतं, मग पहारेकऱ्याला चोर दिसतो. पण प्रत्येक गाठीला ती पाटी नसते. काही ठिकाणी पहारेकरी आत शिरलेलाच नसतो. आणि काही वेळा औषधाने तो असा चेकाळतो की चोर राहतो बाजूला आणि घरच्यांनाच बडवत सुटतो. म्हणून आधी गाठीचा तुकडा बघायचा, रक्तातली प्रथिनं मोजायची आणि ठरवायचं की औषध कुणाला लागू पडेल आणि कुणाच्या हातात दिवस किती. एकटं प्रथिन खात्रीचं नाही, सगळ्यांची साक्ष एकत्र घ्यावी लागते, असं तू म्हणालीस. बरोबर ना? फायझाबाई म्हणतात, बरोबर. त्यांना काय कळतंय, त्या भूगोल शिकवायच्या.

आणि तुमच्या अभ्यासाची यादी महिनाअखेर बंद होते, तुकडा आणि घरच्यांनी भरलेला कागद दोन्ही असल्याशिवाय नाव चढत नाही, औषध मिळत नाही, हेही माझ्या लक्षात आहे. गाठीबरोबर वाढतो तो रक्तातला आकडा ऑगस्टमध्ये चारशे होता, आता नऊशे आहे, हेही अवदने सांगितलं. मला आकडे लिहिता येत नसले तरी वाढलेला कळतो.

कागद सोबत पाठवते आहे. फायझाबाईंनी वाचला, मी उत्तरं दिली.

चार वर्षांपूर्वी सरकारने गावोगाव काविळीच्या 'सी' विषाणूची तपासणी केली, तेव्हा रुग्णाची झाली होती का? झाली होती. निकाल? रक्त स्वच्छ.

रुग्णाला लहानपणी बिल्हार्झियासाठी (कालव्यातल्या किड्याच्या रोगासाठी) सुया टोचल्या होत्या का? कुठे? किती? माहीत नाही.

फायझाबाई चष्म्यावरून माझ्याकडे बघतायत. बघू देत. म्हातारीला सगळं आठवलंच पाहिजे असा कायदा आहे का?

टोपलीत पापुद्र्याची रोटी आहे, तूप लावून भाजलेली. जुनं चीज आहे, ते शेजारच्या काकूला दे, तू तोंड वाकडं करतेस. तू मात्र अंडी पाठवू नकोस. मागच्या खेपेला पाठवलीस, मी शेजारी देऊन टाकली. या घरात अंडी शिजत नाहीत, लहानपणापासून बघत आलीस, एवढं तरी ध्यानात ठेव.

तुझी तेता,
उम्म सबरी
(म्हणजे सबरीची, तुझ्या बापाची आई. नावाखाली माझा पितळी शिक्का उमटवला आहे, कागदावरही उमटवला आहे.)


कफ्र अस्-साकिया
बुधवार, १९ ऑक्टोबर २०२२

इनास, माझ्या पोरी,

तुझं पत्र मिळालं. चार ओळींचं. फायझाबाईंनी दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा हळू आवाजात. "तेता, काकांचं यकृत निदान वीस वर्षं आजारी आहे. चार वर्षांपूर्वी रक्त स्वच्छ असणं शक्य नाही. मी काकांना विचारलं तर ते चप्पल घालून निघून गेले. कोण खोटं बोलतंय?"

मी.

लिहा बाई. मी.

बाई म्हणतात, पुढे काहीतरी जोडू या, एकच अक्षर बरं दिसत नाही. राहू दे तसंच.

पत्र आलं त्या दुपारी मी अवदला तुतीखाली गाठला. तो दोऱ्या वळत होता. मी विचारलं, भाताचं सोड, खरं सांग, तुकडा का दिला नाहीस? सुईला घाबरलास?

"मी कधी सुईला घाबरलोय, आई?" तो म्हणाला. "सबरी घाबरायचा."

"मग?"

"तिथे आधी कागद भरतात. समोर इनास बसली होती. म्हणाली, काका, चार वर्षांपूर्वी तुमची तपासणी झाली ना? मी काय सांगू? आईने जाऊ दिलं नाही म्हणून सांगू?"

"सांगायचं."

"सबरीच्या पोरीला?"

त्याने दोरीला गाठ मारली. "राहिलेत किती दिवस ते देव जाणे," तो म्हणाला, "त्यात तुझं तोंड काळं करून मला काय मिळायचंय?"

इनास, चोपन्न वर्षांचा माणूस. माझी लाज झाकायला काळीज कुजवत बसलाय. काळजाचा तुकडा म्हणतो आपण लेकराला, आणि डॉक्टर खरोखरचा तुकडा मागतायत, तर तो माझ्यापायी देत नाही. म्हणून हे पत्र. मोठं होणार आहे, बसून वाच.

त्या वर्षी तपासणीवाले शाळेत बसले होते. सगळं गाव रांगेत होतं, बोटाला टोचायचं, एक थेंब, झालं. तू मन्सूराहून तीनदा फोन केलास. तेता, घरातल्या सगळ्यांना न्या. तुझा बाप त्याच विषाणूने जाऊन पाच वर्षं झाली होती. तो गेला त्याच्या पुढच्याच वर्षी त्या विषाणूवरच्या गोळ्या आल्या होत्या. एक वर्ष. ते एक वर्ष मी अजून चघळते. पण अवदसाठी गोळ्या होत्या, फुकट, शाळेच्या व्हरांड्यात. तो नवा सदरा घालून निघाला होता. मी दारात आडवी झाले. म्हटलं, ज्यांचं रक्त वाईट निघतं त्यांना नोकरीवरून काढतात, तुला आखातात जायचंय ना? तू धडधाकट आहेस, बैलासारखा, कशाला विचारपूस ओढवून घेतोस? त्याने सदरा काढून ठेवला. माझा शब्द त्याने कधी मोडला नाही, हा त्याचा दोष. संध्याकाळी तुझा चौथा फोन आला आणि मी म्हटलं, सगळ्यांचं झालं, सगळे स्वच्छ. तू "देवाची कृपा" म्हणालीस आणि रडलीस. मला ऐकू आलं.

तीन वर्षांनी तो रक्ताची उलटी करून पडला, तेव्हा कळलं. मग गोळ्या घेतल्या, विषाणू गेला. पण काळजात तोवर खडक झाला होता आणि या उन्हाळ्यात त्या खडकात गाठ निघाली. बाकी तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

का अडवलं, ते विचारशील. शाळेत बसलेली ती मुलगी थेंब घेण्याआधी प्रत्येकाला विचारत होती, लहानपणी सुया घेतल्या होत्या का, कुठे घेतल्या. मी पाणी भरताना ऐकलं होतं. आणि अवद खरं सांगणारा मुलगा आहे.

आता ते सांगते. पाणी पिऊन सांगते.

तुझा आजोबा गेला तेव्हा सबरी सहा वर्षांचा होता आणि अवद दोनचा. गावच्या दवाखान्यात मला काम मिळालं. झाडायचं, पाणी आणायचं आणि रॉकेलचा स्टोव्ह पेटवून सुया उकळायच्या. तेव्हा कालव्यात डुंबणारी सगळी पोरं लाल लघवी करायची. त्या किड्यावर सरकारी इंजेक्शन होतं, शिरेत द्यायचं, दर आठवड्याला एक, असे बारा आठवडे. पोरं ओकायची, खोकायची, पळून जायची. काचेच्या पिचकाऱ्या सहा, पोरं दोनशे. एका सुईने किती दंड टोचले जात ते मोजत कुणी नव्हतं. रांग अर्धी झाली की कंपाउंडर ओरडायचा, "उम्म सबरी, नव्या आण!" नव्या म्हणजे त्याच, उकळलेल्या.

डॉक्टर चांगला माणूस होता. पहिल्या दिवशी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवून म्हणाला, पाणी खदखदलं की तिथून वीस मिनिटं. घड्याळ कळतं ना?

मी म्हटलं, कळतं.

तीस वर्षांची विधवा, दोन पोरं, पहिली नोकरी. काय म्हणायला हवं होतं? मला घड्याळ कधी कुणी शिकवलं नव्हतं. पण मी काही मूर्ख नव्हते, मी आपली युक्ती काढली. सुयांच्या पातेल्यात एक अंडं सोडायचं. अंडं कडक झालं की सुया शिजल्या. इतकी खूश झाले होते मी त्या युक्तीवर! अंडं वाया जायचं नाही ते वेगळंच. पुढे अवद रांगेत उभा राहण्याएवढा झाला, तेव्हा ते त्याला मिळायचं. बाकीची पोरं रडत यायची आणि माझा अवद हात पुढे करून पहिला उभा, कारण शेवटी अंडं आहे. सबरी तोंड फिरवायचा, त्याचा हात मी धरायचे. घट्ट धरायचे. माझ्या बोटांचे वळ उठायचे.

अंडं कडक व्हायला दहा मिनिटं लागतात, इनास. वीस नाही.

आणि गर्दीच्या दिवशी दहासुद्धा नाही. कंपाउंडर हाका मारत सुटायचा, मी तशाच काढून द्यायचे. एक दिवस मला नीट आठवतो. अवदने पायरीवर बसून अंडं फोडलं आणि आतलं पिवळं त्याच्या हनुवटीवरून ओघळून सदऱ्यावर आलं. कच्चंच होतं. मी पदराने त्याची हनुवटी पुसली आणि हसले. आत त्याच पातेल्यातल्या सुया चालल्या होत्या.

पुढे कितीतरी वर्षांनी, सबरी मन्सूराच्या इस्पितळात पडलेला असताना, एका डॉक्टरने सहज सांगितलं, तुमच्या पिढीला हे त्या सुयांतून लागलं, नीट उकळत नसत. त्याने चहा घेतला आणि गेला. घरी आले त्या दिवशी कोंबड्या वाटून टाकल्या. गावाने विचारलं, मी म्हटलं, घाण फार करतात.

फायझाबाईंनी पेन खाली ठेवलंय.

(आता परत घेतलंय. जे झालं तेही लिहायला लावते आहे. त्या म्हणतात, मी माझ्याबद्दल कसं लिहू? लिहा म्हटलं.)

त्या म्हणाल्या, "मावशी, मी पण होते त्या रांगेत. नऊ आठवडे. मला नाही कधी अंडं दिलंत."

मला माहीत होतं की ती होती. लाल रिबीन बांधायची. तिला तो विषाणू निघाला, सहा वर्षांपूर्वी गोळ्या घेऊन बरी झाली, हेही गावाला माहीत आहे. मी दोन पत्रं तिच्याकडून लिहून घेतली आणि एकदाही वर बघितलं नाही.

मी म्हटलं, "फायझा, शिव्या दे मला."

"शिव्या नंतर," ती म्हणाली. "आधी वाक्य पूर्ण करा." मास्तरीण ती मास्तरीणच.

तू म्हणशील, तेता, सगळ्या देशात असंच होत होतं, एका सुईने चाळीस दंड, तू वीस मिनिटं उकळल्या असत्यास तरी काय फरक पडला असता. फायझाही आत्ता तेच म्हणाली. असेल. पण सबरीचा हात देशाने धरला नव्हता. आणि सुयांचं तरी मला माहीत नव्हतं. दारात आडवी झाले तेव्हा मला सगळं माहीत होतं. त्या दिवशी मी पोराला वाचवत नव्हते, मला स्वतःला वाचवत होते. पहिली चूक घेऊन मला कधीकधी झोप लागते. दुसरी घेऊन नाही.

ईदला तू विचारलंस, बाबांना कुठून लागलं असेल गं? मी नशीब म्हटलं. नशीब बिचारं गरीब, त्याच्यावर काही ढकला, उलट बोलत नाही. आणि तू त्या प्रश्नापायी इतकं शिकलीस, लोकांच्या काळजाचे तुकडे काचेखाली घालून बसलीस, आणि उत्तर इथे ओसरीवर भाजी निवडत होतं.

तर कागद असा दुरुस्त कर. तपासणी झाली नाही, आईने जाऊ दिलं नाही. सुया बारा, गावच्या दवाखान्यात, आईने उकळलेल्या. मोठ्या अक्षरात लिही. मी हे अवदलाही वाचून दाखवायला लावलं. तो ऐकून म्हणाला, "आई, मला फक्त अंडं आठवतं. फार चांगलं लागायचं." मग उठून आत गेला आणि नळ सोडून बसला, आम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून. शनिवारी सकाळच्या गाडीने तो येतोय. तुकडा देईल. आता त्याच्याकडे लपवायला काही उरलं नाही.

तुला रागवायचं असेल तर रागव, तो तुझा हक्क आहे, बापाच्या वाटचाही रागव. पण यादी बंद व्हायच्या आत नको. आधी काकाचं नाव चढव, मग सावकाश रागव, मी कुठे जाते? आणि तुझी प्रथिनं काय सांगतात ते मला कळव. औषध लागू पडेल की नाही, दिवस किती आहेत, जे असेल ते. मी ऐकायचं टाळत आले, आता टाळणार नाही. फायझाला सांगून ठेवलंय, वाचताना आवाज हळू करायचा नाही.

मागच्या कागदावरच्या शिक्क्याला मानू नकोस. तो मी कुठल्याही कागदावर उमटवते, त्याला लाज नाही. या खेपेला खाली अंगठा आहे. शाई लावताना फायझाने माझा हात धरला. घट्ट धरला.

सबरीची, आणि अवदचीही,
आई

ता.क. बरणी अवदबरोबर परत पाठव आणि रिकामी पाठवू नकोस. आत कोंडा भरून सहा अंडी पाठव. हो, अंडी. गावात मागितली तर दहा घरांत चर्चा होईल, म्हणून शहरातून मागवते आहे, हस खुशाल. फायझा मला घड्याळ शिकवतेय. मोठा काटा बारावरून चारवर गेला की वीस मिनिटं, एका बैठकीत एवढं आलं. पाणी खदखदलं की ती स्टोव्हजवळ बसेल, मी काट्याकडे बघेन. रबर झाली तरी चालतील. पहिलं फायझाचं, तिचं फार वर्षांपासून राहिलंय. दुसरं अवदचं. मीठ पाठवू नकोस, त्याला ते वर्ज्य आहे. अंडी तेवढी पाठव.